‘अ गुड इयर’मधली द्राक्षबाग खरी कुठे आहे? चित्रीकरणस्थळांविषयी धागा

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर रिडली स्कॉट यांचा २००६ सालचा ‘अ गुड इयर’ हा चित्रपट आम्ही पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून पाहिला. अथणी भागातले दोन बागायतदारही पाहुणे म्हणून आले होते. चित्रपट संपल्यावर त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला, तो रसेल क्रो आणि मारियॉन कोतियार यांच्या प्रेमाविषयी नव्हता. ‘ही बाग खरी आहे, की सिनेमासाठी उभी केली आहे?’ असे त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे म्हणून गेले काही दिवस मी वाचन करत आहे, आणि जे हाती लागले ते येथे मांडतो.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा अशी. मॅक्स स्किनर हा लंडनमध्ये रोख्यांचा व्यवहार करणारा, पैशापलीकडे काही न पाहणारा माणूस आहे. त्याचे काका हेन्री वारतात आणि दक्षिण फ्रान्समधली त्यांची हवेली व द्राक्षमळा त्याच्या वाट्याला येतो. मॅक्सचे लहानपण याच मळ्यात गेलेले असते. मालमत्ता विकून परत जायचे म्हणून तो येतो, आणि गावात खानावळ चालवणाऱ्या फॅनीमुळे व त्या मळ्यामुळे तिथलाच होऊन जातो. काकांची भूमिका अल्बर्ट फिनी यांनी केली आहे, तर लहानपणचा मॅक्स फ्रेडी हायमोर याने.

बाग खरी आहे आणि हवेलीही खरी आहे. चित्रपटात तिला ‘ला सिरोक’ म्हटले असले तरी तिचे खरे नाव शातो ला कानॉर्ग असे आहे. फ्रान्सच्या आग्नेय भागातील प्रोव्हान्स प्रांतात, व्हॉक्लूज जिल्ह्यात, ल्युबेराँ नावाचा डोंगर पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. त्याच्या उत्तर उतारावर बोन्यू हे गाव टेकडीला बिलगून वसले आहे आणि त्या गावाच्या पायथ्याशी हा मळा आहे. तेथे आजही द्राक्षे पिकतात व वाइन तयार होते. सेंद्रिय पद्धत तेथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आहे, म्हणजे ‘सेंद्रिय’ हा शब्द बाजारात चालू लागण्याच्या कितीतरी आधीपासून.

मॅक्सला मात्र आपण ज्या गावात वावरताना पाहतो ते एकच गाव नाही. फॅनीची खानावळ गोर्द या गावात आहे. गर्दीच्या रात्री मॅक्स कमरेला फडके बांधून जिथे वाढप्याचे काम करतो, तो गोर्दचा चौक आहे आणि तिथले ‘ला रेनेसाँस’ हे उपाहारगृह खरोखरीचे आहे. नंतर ती दोघे रात्री पाण्याच्या काठी जेवायला बसतात ते ठिकाण तिसऱ्याच गावात, क्युक्युराँ येथे आहे. चौकोनी दगडी तळे, त्याभोवती दोनशे वर्षांची प्लेनची झाडे आणि झाडांखाली टेबले असे ते स्थळ आहे. प्लेन म्हणजे आपण ज्याला चिनार म्हणतो त्याच कुळातले झाड.

बोन्यूहून गोर्द सुमारे वीस किलोमीटरवर आहे, म्हणजे बेळगाव ते खानापूर एवढेही अंतर नाही. क्युक्युराँ मात्र डोंगराच्या दक्षिण अंगाला आहे. धाकटा ल्युबेराँ आणि थोरला ल्युबेराँ यांच्यामधून जी अरुंद घळ जाते, तिच्यातल्या वळणावळणाच्या रस्त्याने लूर्मारां गाठायचे आणि तिथून पुढे जायचे. मॅक्स आणि फॅनीला पडद्यावर हा डोंगर ओलांडावा लागत नाही, कारण दिग्दर्शकाने तिन्ही ठिकाणे जोडून एकच गाव रचले आहे. ही जोडणी मला अत्यंत कुशल वाटते. तिन्ही गावांचा दगड एकाच जातीचा, फिकट पिवळा चुनखडीचा आहे, आणि ऊनही तेच आहे. छायाचित्रणकार फिलिप ल सूर यांनी ते ऊन इतके सारखे ठेवले आहे की कापड कुठे शिवले आहे ते कळत नाही.

ज्यांनी ही स्थळे प्रत्यक्ष पाहिली आहेत किंवा ज्यांना बागेच्या अंगाने काही सांगता येईल, त्यांनी कृपया लिहावे.

टिळकवाडीकर

सर, उत्तम धागा. मी असे ऐकले होते की ती हवेली म्हणजे खुद्द रिडली स्कॉट यांचेच घर आहे. त्यात तथ्य आहे का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नाही. मात्र हा समज का झाला असेल ते समजते. स्कॉट यांचे घर आणि द्राक्षमळा त्याच परिसरात, ओपेद गावाजवळ आहे. २००५ मध्ये नऊ आठवडे चित्रीकरण झाले, आणि त्यांतील बहुतेक स्थळे आपल्या घरापासून आठ मिनिटांच्या अंतरावर होती असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. मूळ कल्पनाही शेजारातूनच आली. कादंबरीकार पीटर मेल हेही ल्युबेराँमध्येच राहत असत, आणि त्या दोघांची ओळख लंडनच्या जाहिरात व्यवसायातल्या दिवसांपासूनची होती. मेल यांची कादंबरी २००४ साली आली आणि दोन वर्षांत चित्रपट.

लंडनचे प्रसंग अर्थातच लंडनचे आहेत. ब्रॉडगेट, पिकॅडिली सर्कस, चेल्सीतील ब्लूबर्ड कॅफे आणि बॅटरसीतील अल्बियन रिव्हरसाइड ही ती ठिकाणे. याशिवाय मार्सेचा विमानतळ आणि आव्हिन्योंचे रेल्वे स्थानक येथेही काम झाले.

निपाणीची_लेक

मी हा परिसर पाहिला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझी मुलगी नोकरीनिमित्त मार्से येथे असते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने गाडी भाड्याने घेऊन मला दोन दिवस ल्युबेराँ दाखवले. बोन्यूला आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. गाव चढणीवर आहे आणि माथ्यावरच्या जुन्या चर्चपर्यंत जायला शहाऐंशी पायऱ्या आहेत. माझे गुडघे कुरकुरत असल्यामुळे त्या मी मोजूनच चढले. वरून खाली पाहिले की संपूर्ण खोरे दिसते. द्राक्षांच्या सरळ रांगा, मधूनच चेरीची झाडे आणि समोरच्या कड्यावर गोर्द. चित्रपटात ज्या दृश्यांनी जीव हरखतो त्यांतला मोठा भाग येथे उभे राहून एका नजरेत मावतो.

ला कानॉर्ग गावाच्या खाली, पोंट ज्युलियाँ या रोमन पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हवेलीत प्रवेश मिळत नाही, ते राहते घर आहे, ही गोष्ट जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. वाइनची चव पाहण्याची व खरेदीची खोली मात्र खुली असते. मी मद्य घेत नाही. मुलीने चव पाहिली आणि मी तिथल्या बाईंची परवानगी घेऊन बागेच्या बांधावर जाऊन उभी राहिले. चित्रपटात ज्या दुर्मीळ वाइनचे रहस्य आहे तिचे नाव ‘ल क्वँ पेर्द्यू’, म्हणजे हरवलेला कोपरा, असे आहे. चित्रपटानंतर या मळ्याने आपल्या एका वाइनला तेच नाव दिले आहे.

बांधावर उभी असताना मला जे दिसले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे आजोळ अथणी तालुक्यातले. लहानपणी मामांच्या बागेत मी सुट्ट्या काढल्या आहेत. तिथे त्या परक्या देशात एक पान उलटे करून पाहिले, तर शिरांच्या कडेने फिकट निळसर पूड साचलेली होती. मी मुलीला म्हटले, ‘अगं, हे बोर्डो आहे.’ मामांच्या अंगावरचा सदरा औषध मारून आल्यावर अगदी याच रंगाचा दिसत असे. मुलीला त्यात विशेष काही वाटले नाही, पण मी कितीतरी वेळ ते पान हातात धरून उभी होते.

गोर्दविषयी एवढेच सांगते की गाडी गावाबाहेर लावावी लागते आणि दुपारी गर्दी फार असते. चौक चित्रपटात दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात लहान आहे. क्युक्युराँ मला सर्वांत आवडले. तळ्यात झाडांची सावली स्थिर पडते, आणि पलीकडच्या काठावर कोणी हळू बोलले तरी शब्द ऐकू येतात. तिथे प्रेमाचे बोलणे चित्रित करावेसे दिग्दर्शकाला का वाटले, हे दहा मिनिटे बसले की समजते.

कृष्णाकाठ (अथणी)

सर, त्या दिवशी तुमच्या कट्ट्यावर तो प्रश्न विचारणारा मीच. आपण एवढे कष्ट घेतलेत, मनापासून आभार. ताई, तुमचे निळसर पूड ओळखणे अगदी बरोबर आहे, आणि त्याची हकीकत या धाग्यातच शोभेल अशी आहे.

बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. आपल्याकडे एक टक्क्याचे करताना शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतात. डावणी या रोगावरचे हे औषध फ्रान्समधल्याच बोर्दो भागात १८८० च्या दशकात मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधले. तेथील सेंद्रिय बागांनाही तांबे ठरावीक मर्यादेत वापरता येते, त्यामुळे ला कानॉर्गसारख्या मळ्यातही ते दिसणे स्वाभाविक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाग खरी आहे का, ही शंका मला का आली ते सांगतो. आपण मांडवाची बाग करतो. वेल डोक्याच्या उंचीवर नेऊन तारांवर पसरतो, घड खाली सावलीत लोंबतात आणि माणूस मान वाकवून फिरतो. आपल्याकडचे मार्च महिन्याचे ऊन घडावर थेट पडले तर मणी भाजतात, म्हणून ही छत्री लागते. चित्रपटात मात्र वेली कमरेएवढ्या, फार तर छातीएवढ्या आहेत. दोन्ही बाजूंना हिरवे आणि मधून चालणाऱ्या माणसांची डोकी उन्हात. पहिल्यांदा मला वाटले की ही शोभेची बाग असावी. नंतर लक्षात आले की तिथे मुद्दामच वेल जमिनीजवळ ठेवतात. दिवसा तापलेले दगड रात्री ऊब देतात आणि फळ पिकायला मदत होते. शिवाय मिस्त्राल नावाचा उत्तरेचा जोरकस वारा रोन नदीच्या खोऱ्यातून खाली येतो, त्यात उंच मांडव टिकवणे कठीण. हाच वारा पाने कोरडी करतो, त्यामुळे रोगही कमी.

या ठेवणीमुळेच तिथे असा चित्रपट होऊ शकतो, असे माझे मत झाले आहे. आमच्या मांडवाखाली दोन माणसांना बोलत चालवा. कॅमेऱ्याला खोडे, ठिबकच्या नळ्या आणि अंधार याशिवाय काही मिळणार नाही. आमच्या बागेचे सौंदर्य आत वाकून जाणाऱ्याला दिसते, त्यांच्या बागेचे रस्त्यावरून दिसते.

दुसरा मोठा फरक ऋतूचा. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढतो. दोन छाटण्या आणि एक पीक. आपली वेल कधी झोपतच नाही, म्हणून तिला आपण कात्रीने उठवतो. तिथे थंडीत वेल पूर्ण झोपते, तेव्हा एकदाच छाटणी होते, वसंतात डोळे फुटतात आणि तोडणी साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होते. चित्रपटातला घडही आपल्या घडासारखा नाही. आपण बेदाण्यासाठी किंवा खाण्यासाठी विरळणी करतो, जीए (जिबरेलिक आम्ल) या वाढवर्धकाच्या द्रावणात घड बुडवतो, मणी लांब आणि पातळ सालीचा व्हावा म्हणून धडपडतो. वाइनला सिरासारख्या जातींचा लहान, बियांचा, जाड सालीचा मणी हवा असतो, कारण रंग आणि बरीचशी चव सालीतच असते. तो घड आमच्या बाजारात नेला तर व्यापारी हातही लावणार नाही. तिथे त्याचीच पूजा होते.

दिदिए बुर्दों या नटाने केलेला द्युफ्लो हा बागवान मला फार जवळचा वाटला. मालक बदलतात, पण वेलीचे मन त्यालाच कळते. बाग विकली जाणार या विचाराने तो जसा कासावीस होतो, तसे कासावीस झालेले माणूस मी आमच्या घरात पाहिले आहे. २०१९ च्या महापुरानंतर वडिलांनी नदीकडची बाग काढायला सांगितली आणि स्वतः मात्र त्या दिवशी शेताकडे फिरकले नाहीत.

वडगावकर

काका, शेवटचे वाचून गलबलून आले.

स्थळांच्याच अनुषंगाने एक विचारतो. चित्रपट गाजल्यावर त्या भागातल्या शेतकऱ्यांचे काय होते? कॅलिफोर्नियातील सँटा इनेझ खोऱ्यात चित्रित झालेल्या २००४ च्या ‘साइडवेज’नंतर अमेरिकेत पिनो नॉयर वाइनची मागणी वाढली आणि ज्या मर्लोची नायक निंदा करतो तिला फटका बसला, हे सर्वज्ञात आहे. ब्युएल्टन गावातले ‘हिचिंग पोस्ट’ हे उपाहारगृह तर यात्रेचे ठिकाण झाले. ल्युबेराँमध्येही असे काही झाले का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

ल्युबेराँची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिथे चित्रपटाच्या आधीच पुस्तकाने गर्दी आणली होती. पीटर मेल यांचे प्रोव्हान्समधल्या पहिल्या वर्षाच्या अनुभवांचे पुस्तक १९८९ साली आले आणि जगभर वाचले गेले. मेनेर्ब गावातल्या त्यांच्या घराच्या दारात वाचक येऊन उभे राहू लागले, इतके की काही वर्षे त्यांनी अमेरिकेत जाऊन राहणे पसंत केले. परत आले तेव्हा ते डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, लूर्मारांच्या बाजूला राहिले. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांची कबर याच लूर्मारांमध्ये आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल यांचे निधन झाले, तेही प्रोव्हान्समध्येच.

ज्या लेखकाच्या शब्दांनी त्या खोऱ्यात माणसांची रीघ लागली, त्यालाच दार बंद करून दूर जावे लागले, हे मला फार बोचते. म्हणूनच निपाणीच्या ताईंनी हवेलीत प्रवेश नाही हे आवर्जून सांगितले ते योग्य केले. आपल्या आंबोलीला आणि जांबोटीच्या रस्त्याला पावसाळ्यातल्या रविवारी काय होते ते आपण पाहतोच. त्या दिवसांत गावातल्या माणसालाच स्वतःच्या घरी पोहोचायला वाट मिळत नाही.

एका गोष्टीची दखल येथे घेतो. पोंट ज्युलियाँ या ज्या पुलाचा उल्लेख वर आला, तो इसवी सनपूर्व ३ मधला आहे. तीन कमानींचा हा पूल कालाव्हाँ नदीवर उभा आहे, आणि २००५ पर्यंत, म्हणजे चित्रीकरण झाले त्याच वर्षापर्यंत, त्यावरून मोटारी जात होत्या. त्यानंतर शेजारी नवा पूल झाला आणि जुना पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी राहिला.

घटप्रभा_गोकाक

नमस्कार. येत्या जून महिन्यात आई-वडिलांना घेऊन फ्रान्सला जाण्याचा योग आहे आणि त्यातले दोन दिवस या भागासाठी ठेवले आहेत. आईने हा चित्रपट तीनदा पाहिला आहे. रिकाम्या जलतरण तलावात मॅक्स अडकतो आणि फॅनी वरून पाण्याचा नळ सोडते, तो प्रसंग तिला तोंडपाठ आहे. कोणत्या क्रमाने काय पाहावे, कृपया सांगावे.

निपाणीची_लेक

जूनमध्ये जात असाल तर तोडणी दिसणार नाही, घड तेव्हा मोहरीएवढे किंवा वाटाण्याएवढे हिरवे असतील. त्याऐवजी जूनच्या अखेरीस लव्हेंडर फुलू लागते आणि गोर्दजवळच्या सेनांक या बाराव्या शतकातल्या मठासमोरची शेते जांभळी होतात. आईंना ते नक्की आवडेल.

गोर्द सकाळी नऊच्या आत करा. चौकात कॉफी घ्या, म्हणजे फॅनीच्या खानावळीत बसल्याचे समाधान आईंना मिळेल. तिथून सेनांक, आणि दुपारी ऊन चढेल तेव्हा बोन्यूच्या वरचे देवदाराचे जंगल गाठा. ते एकोणिसाव्या शतकात मोरोक्को-अल्जेरियाकडच्या अॅटलस पर्वतातले बी आणून लावलेले आहे, आणि तिथल्या सावलीत वडीलधाऱ्यांना विसावा मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ला कानॉर्ग आणि पूल, मग घळीतून लूर्मारां, आणि संध्याकाळ पूर्णपणे क्युक्युराँसाठी राखून ठेवा. मंगळवारी तळ्याभोवती बाजार भरतो. बाजार पाहायचा असेल तर तोच दिवस धरा, पण चित्रपटातली शांतता हवी असेल तर दुसरा कोणताही वार बरा. बोन्यूचा बाजार शुक्रवारी असतो.

कृष्णाकाठ (अथणी)

बाळ, माझे एक काम कराल का?

आव्हिन्योंचे स्थानक चित्रपटात आहे असे सरांनी लिहिले. त्या आव्हिन्योंच्या पलीकडे, रोन नदीच्या दुसऱ्या काठावर रोकमोरच्या बाजूला, १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड युरोपात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली आणि पुढे फ्रान्समधल्या बागाच्या बागा वाळून गेल्या. शेवटी अमेरिकेतल्या रानवेलींचा खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग, घेऊन त्यावर फ्रेंच वेलीच्या डोळ्याचे कलम बांधले, तेव्हा बागा वाचल्या. आज आमच्या बागेत डॉगरीज खुंटावर जे कलम आहे, तो खुंटही अमेरिकन वेलीचाच. आम्ही तो क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यांसाठी घेतो, एवढाच फरक.

तुम्ही ला कानॉर्गच्या बांधावर जाल तेव्हा परवानगी घेऊन एखाद्या वेलीच्या बुंध्याकडे पाहा. मातीपासून थोडे वर कलमाची फुगीर गाठ दिसेल. तिचा एक फोटो या धाग्यावर टाकलात तर आमच्या इथल्या पोरांना दाखवता येईल.

घटप्रभा_गोकाक

नक्की काढते, काका. ताई, तुमचा क्रम आईला वाचून दाखवला. क्युक्युराँची संध्याकाळ बुधवारची ठरवली आहे.